'इंजिनिअर' हे क्रियापद असेल तर मराठीत काय म्हणायचं?

कुपवाडचा_टर्नर:
नमस्कार मंडळी, कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, पंपाचे शाफ्ट आणि इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं फिरतं चाक) करतो. एका पार्टीचा इंग्लिश कॅटलॉग मराठीत करून द्यायचाय, शेतकऱ्यांना वाटायला. त्यात पहिल्याच ओळीत पंप 'इंजिनिअर्ड फॉर मडी वॉटर' आहे असं लिहिलंय आणि मोबाईलवर भाषांतर टाकलं तर 'गढूळ पाण्यासाठी अभियंता' असं आलं, हे कुणाला कळणार सांगा. त्यात परवा पोरगी अभ्यासातलं एक वाक्य घेऊन आली, 'ही इंजिनिअर्ड हिज ब्रदर्स डिफीट'. तिथं ना मशीन ना ड्रॉइंग! मग इंजिनिअर केलं म्हणजे नक्की काय केलं?

विश्रामबागचे_मास्तर:
प्रश्न छान आहे. हा शब्द मुळात लोखंडाचा नाहीच, डोक्याचा आहे. लॅटिनमधला 'इंजेनियम' म्हणजे अंगची हुशारी, कल्पकता, त्यातूनच 'इंजिन' आला आणि 'इंजिनिअस'पण. वाफेचं इंजिन खूप नंतरचं, मध्ययुगात वेढा घातलेल्या किल्ल्यावर दगड फेकायच्या यंत्रालाही इंजिन म्हणायचे आणि ते तयार करणारा तो इंजिनिअर. आता तुमच्या दोन वाक्यांत कर्म काय आहे ते बघा. वस्तू असेल तर हिशेबानं, विचार करून घडवणं. घटना असेल तर मागं राहून घडवून आणणं. भावाचा पराभव त्यानं घडवून आणला. कुंभार भांडं घडवतो आणि चुगलखोर भांडण घडवून आणतो, एवढं पोरीला सांगा, विसरणार नाही.

मिरजेची_तार:
मास्तर, बाकी पटलं पण पंपाला 'घडवलेला' नको वाटतं. घडवणं म्हटलं की मला 'क्राफ्ट' आठवतं. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर खुलवताना, कारागीर तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडून ऐकतो, परत जरासं घासतो, मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत नेतो आणि एका जागी सूर असा उमलतो की बास. तिथं माप कानात असतं, कागदावर नसतं. याला इंग्लिशमध्ये इंजिनिअर केलं म्हटलेलं मला रुचणार नाही. सांगलीचा आयर्विन पूल घ्या, १९२९ सालचा, २०१९ च्या पुरात तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तरी पूल उभा राहिला. तो इंजिनिअर केलेला. कुठला भार येणार, पाणी कुठवर चढणार याचा आधी विचार करून बांधलेला. म्हणून पंपाला सरळ 'गढूळ पाण्यात चालेल अशा बेतानं बनवलेला' लिहा.

कृष्णाकाठ_वाळवा:
बेतानं हा शब्द आवडला, शिंपी कापड बेततो तसं. फक्त मास्तर, 'घडवून आणणं' दरवेळी वाईट नसतं हो. आमच्या गावात बांधावरनं दोन घरांत बोलणं बंद होतं, एका म्हाताऱ्यानं दोघांनाही आपल्याकडं जेवायला बोलवलं, एकमेकांना न सांगता, आणि तडजोड घडवून आणली. तिथंही इंग्लिशमध्ये इंजिनिअर चालतं की. आणि टर्नर दादा, एक शेतकरी म्हणून सांगतो, नुसतं 'खास बनवलेला' लिहू नका, तसं सगळेच लिहितात. काय केलंय ते लिहा. नदीवरच्या मोटरीत गाळ अडकला की भर उन्हात पंप खोलत बसावं लागतं, आम्हाला तेवढंच बघायचं असतं.

विश्रामबागचे_मास्तर:
बरोबर आहे तुमचं, भेटही घडवून आणतातच. लपूनछपून असतंच असं नाही पण डोकं चालवलेलं असतं, एवढं मात्र हवं.

कुपवाडचा_टर्नर:
लई आभार सगळ्यांचे. असं लिहिलंय बघा: 'गढूळ पाण्यासाठीच बेतलेला पंप. इम्पेलर सेमी-ओपन (एका बाजूनं उघडा), म्हणून गाळ लवकर अडकत नाही.' पार्टीलाही आवडलं. शोधता शोधता 'रिव्हर्स इंजिनिअर'पण सापडलं, म्हणजे तयार वस्तूवरनं ती कशी बनवलीय ते उलट शोधून काढणं. आमच्याकडं जुना शाफ्ट येतो, ड्रॉइंग नसतंच, झिजलेल्या जागा सोडून व्हर्निअर लावून मापं काढतो, बेअरिंगच्या आतल्या मापावरनं ताळा घेतो आणि नवा करतो. वीस वर्षं हेच करतोय, आम्ही त्याला 'सॅम्पलवरनं करणं' म्हणतो.