नियाकानीची धुक्यातली चढाई : जाणकारांचे अनुभव

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर मॅन्झनिटा गावाच्या डोक्यावर समुद्रातून थेट उठलेला डोंगर म्हणजे नियाकानी. उंची सुमारे १,६०० फूट. इथल्या मूळ रहिवासी निहेलम-टिलामूक लोकांसाठी तो पवित्र आहे. नावाचा एक प्रचलित अर्थ ‘देवाचं ठिकाण’. पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हर्टनकडची मराठी मंडळी सकाळी निघून दुपारी परततात. उंची कमी, म्हणून तयारीही कमी करतात, आणि तिथेच चुकतं. म्हणून तिथे जाऊन आलेल्यांना वाट, धुकं, कातळ यांबद्दल नेमकं लिहायला सांगितलं. त्यांच्या नोंदी त्यांच्या गावाच्या नावाखाली दिल्या आहेत.

बीव्हर्टन
पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दक्षिणेची वाट धरावी. मॅन्झनिटाच्या उत्तरेला सुमारे दीड मैलावर हायवे १०१ सोडून पूर्वेकडचा खडीचा रस्ता घ्यायचा. त्यावर खड्डे मोठे आहेत, तेव्हा खाली टेकणारी गाडी जपून चालवा. पार्किंगपासून माथा साधारण दीड मैल, चढ ९०० फुटांच्या आसपास. वळणावळणाची वाट असली तरी दम लागतो. माणशी एक लिटर पाणी पुरतं.

उत्तरेची वाट लांब आहे. शिवाय गाडी समुद्राच्या बाजूला लावून हायवे ओलांडावा लागतो. धुक्यात वळणावरून येणारी गाडी उशिरा दिसते. लहान मुलं बरोबर असतील तर ही वाट नकोच.

हिल्सबरो
धुक्याचं गणित कळलं की निम्मं काम झालं. उन्हाळ्यात उत्तरेच्या वाऱ्याने किनाऱ्यालगत खोलवरचं थंड पाणी वर येतं. त्यावरची दमट हवा गार होऊन ढगाचा थर बसतो आणि वरची उबदार हवा त्याला झाकणासारखी दाबून धरते. थर पातळ असेल तर माथा उन्हात आणि खाली पांढरा समुद्र! जाड असेल तर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. पुष्कळदा दुपारपर्यंत विरळ होतो, म्हणून पहाटेची घाई इथे उपयोगाची नाही.

पाऊस नसला तरी सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुयांवर धुकं साठून टपटपतं. वरून रेनजॅकेट हवंच. आतून सुती नको, ओलं झालं की वाळत नाही.

सिॲटल
घोटाळा माथ्याजवळ होतो. सर्व्हिस रोड (देखभालीच्या गाड्यांचा रस्ता) वाटेला आडवा येतो आणि धुक्यात माणसं त्याच रुंद रस्त्याने निघतात. पायवाट रस्ता ओलांडून पुढे जाते. नकाशा आधीच डाउनलोड करा, रेंजचा भरवसा नाही.

शेवटचा टप्पा उघड्या कातळाचा. सह्याद्रीसारखाच बसॉल्ट, पण शेवाळलेला. उतरताना पाऊल सपाट टेकवा, तोल मागे टाकू नका. जोराचा वारा असेल तर या टप्प्याखालूनच परत फिरा.

पोर्टलंड
हिवाळ्यात वादळानंतर लगेच जाऊ नका. स्प्रूसची मुळं उथळ असतात. ओल्या मातीत झाडं मुळासकट आडवी होतात, वाट बंद पडते.

बीव्हर्टन, दुसरी नोंद
खजिन्याच्या दंतकथेपायी इथे लोकांनी खूप खणलं. १६९३ साली निघालेलं स्पॅनिश जहाज ‘सांतो क्रिस्तो द बुर्गोस’ याच किनाऱ्याला लागलं असावं असं मानतात. आता खोदायला बंदी आहे. कायदा राहू द्या, देवराईतून आपण वाळकी काटकीसुद्धा आणत नाही ना? तसंच इथे. दगडांचे मनोरे रचू नका, खडा खिशात घालू नका, मोठ्याने गाणी लावू नका. इथले मूळ रहिवासी क्लॅट्सप-निहेलम लोक आजही इथलेच आहेत.

संत्र्याची सालही परत आणायची. रिकामी पिशवी जॅकेटच्या खिशात ठेवली की आठवण राहते.