घटसर्प: म्हशीचा आणि माणसाचा एकच का?

तापीकाठचा
मंडळी, एक शब्द डोक्यात अडकलाय. मागच्या आठवड्यात गावी, चोपड्याकडे, काकांची म्हैस गेली. संध्याकाळी चारा सोडला, लाळ गळायला लागली, अंग तापलेलं, सकाळी गळ्याखाली एवढी सूज की दावं रुतलेलं आणि घरघर ओट्यापर्यंत ऐकू येत होती, डॉक्टर पोचेपर्यंत संपली. आजी बघताक्षणी म्हणाली, "म्हैसले घटसर्प व्हयना." आणि त्याच दिवशी वहिनी दीड महिन्याच्या बाळाला सुई द्यायला घेऊन गेली तर तिथल्या कार्डावर पण घटसर्प! झालं, आजी म्हणते बाळाला गोठ्याकडे नेऊ नका, काका म्हणतात मग एकच लस दोघांना का देत नाहीत. शब्द एक, मग रोग किती?

दावणीवरचा
रोग दोन, भो. नातं काहीच नाही, फक्त दोन्ही गळा धरतात.
म्हशीला झाला तो पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जिवाणूमुळे. लॅटिनमध्ये मल्टोसिडा म्हणजे पुष्कळांना मारणारा, आणि नाव खोटं नाही. रक्ताचा थेंब काचेवर रंगवून बघितला की दोन्ही टोकं गडद आणि मध्ये फिकट, सेफ्टी पिनसारखा दिसतो. पण जात एक असली तरी त्याच्या वरच्या आवरणावरून ए, बी, डी, ई, एफ असे प्रकार पाडतात आणि खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडचा गायीम्हशींचा घटसर्प बी प्रकाराचा, आफ्रिकेत ई पण सापडतो. ए प्रकार कोंबड्यांना कॉलरा करतो (हा कॉलरा म्हणजे माणसाची पटकी नव्हे, तो अजून एक शब्दांचा घोळ), डी डुकरांचं नाक वाकडं करतो. २०१५ साली कझाकस्तानात सैगा नावाची हरणं दोन लाखांच्या वर मेली, काही आठवड्यांत, तिथेही बी प्रकारच निघाला.
माणसाला हा जिवाणू कधी लागतो? कुत्रं मांजर चावलं तर. जखम एका दिवसात लालबुंद सुजते. पण त्याला कोणी घटसर्प म्हणत नाही.
आणि पावसाळ्याआधी लस टोचून घ्या हे दर वर्षी सांगून माझा घसा बसतो, तरी मृगाच्या सरी पडल्यावरच फोन येतात.

शब्दवेडी_अमळनेर
बाळाच्या कार्डावरचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. जिवाणू कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरिई. ग्रीकमध्ये कोरीने म्हणजे सोटा, एका टोकाला जाड दिसतो म्हणून, आणि डिप्थेरा म्हणजे कातडं, कारण घशात राखाडी कातड्यासारखा पापुद्रा धरतो. आता मजा बघा, आजार वाढून पोराची मान सुजते तेव्हा डॉक्टर लोक त्याला काय म्हणतात? बुल नेक. बैलाची मान! म्हणजे इंग्रजीवाल्यांना पण गळा सुजलेला बघून गोठाच आठवला.
सीमेपलीकडे बऱ्हाणपूर, सेंधव्याकडे हिंदीत दोन्हीला गलघोंटू म्हणतात. तेव्हा चूक आजीची नाही. आजी डोळ्यांना दिसतं त्याचं नाव ठेवते, सूज आणि गुदमरणं, प्रयोगशाळा जंतूचं नाव ठेवते. "सर्प" माझ्या मते विसर्पातला, पसरत जाणारा या अर्थी, सापाशी संबंध जोडू नये.
जाता जाता, परवा एका पेपरात "घटसर्पाचा विषाणू" छापलं होतं. विषाणू नाही हो, जिवाणू!

लॅबवाला_जळगाव
ताई, इथे थोडं थांबा, विषाणूचा संबंध आहे, पण वेगळा. डिप्थेरियाचं जे विष हृदय आणि नसांवर जातं त्याचा जीन या जिवाणूचा स्वतःचा नसतोच, जिवाणूला लागण करणारा एक विषाणू तो आणतो. तो नसेल तर हाच जिवाणू बराच मवाळ.
आणि "नातं काहीच नाही" हे दावणीवरचे दादा म्हणाले ते पाश्चुरेलापुरतं बरोबर, पण डिप्थेरियाचा एक चुलतभाऊ आहे ज्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, कोरिनेबॅक्टेरियम अल्सरन्स. १९२०च्या दशकात माणसांच्या घशातच सापडला, बरीच वर्षं डिप्थेरियाचाच पोटप्रकार समजत, वेगळी जात म्हणून रीतसर मान्यता १९९५ला. हा गायीच्या सडात राहतो, कच्च्या दुधातून माणसात येतो, हल्ली कुत्र्यामांजरांकडून जास्त, आणि तोच विषाणू याला मिळाला तर तेच विष बनवतो, पापुद्रा पण तसाच. ब्रिटन, जर्मनी, जपान इथे असे रुग्ण नोंदले आहेत. म्हणजे जनावराकडून माणसाला "घटसर्प" होऊ शकतो, फक्त म्हशीच्या घटसर्पातून नाही. बाळाची लस विषाविरुद्ध असते म्हणून ती याच्याही विषाला अडवते, आणि म्हणूनच काकांची एकच लस चालत नाही, म्हशीच्या लशीत मारलेला पाश्चुरेला असतो.

दावणीवरचा
हे मला पण नवीन. दूध उकळूनच प्यायचं, धारोष्णचं कौतुक पुरे. आणि वर्गीकरणाचं काय सांगता, प्लेगचा जिवाणू पण एके काळी पाश्चुरेलाच होता, नंतर त्याला यर्सिनिया केला.

शब्दवेडी_अमळनेर
मग लिहिताना गुरांचा असेल तर "गळसुजी" लिहावं का? शब्द आहेच वापरात.

दावणीवरचा
लिहा खुशाल. पण गोठ्यात जाऊन गळसुजीची लस आलीय म्हणालो तर निम्मे लोक म्हणतील आम्हाला घटसर्पाची हवी.

तापीकाठचा
सगळ्यांना धन्यवाद. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणे दूध तर मी चाळीस वर्षं उकळूनच देते, तुम्हीच धारेखाली तोंड लावून बसायचे. उरलेल्या दोन म्हशी आणि पारडीला उद्या सुई आहे, बाळाची पुढची सुई दहाव्या आठवड्याला. काका अजून विचारताहेत, लशीच्या बाटलीवर घटसर्पासोबत "फऱ्या" लिहिलंय ते काय, पायाचा रोग का?

दावणीवरचा
तो एकटांग्या. त्याला वेगळा धागा काढा.