ए विंगचं रात्रीचं मीटर

शनिवार, संध्याकाळ

सचिव: नमस्कार मंडळी. गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचा विषय उद्या सकाळी ११ च्या सभेत आहे. प्रस्ताव १० किलोवॅटचा. सावली न पडणारी साधारण १०० चौरस मीटर जागा लागेल, तेवढी ए विंगच्या गच्चीवर आहे. इथे फक्त हो किंवा नाही लिहा, भाषणं सभेत.

ए-३०१: हो

बी-५०४: हो 👍

ए-१०२: हो. पण मग चादरी वाळत कुठे घालायच्या?

ए-२०३: माझं नाही. म्हणजे कायमचं नाही, आत्ता नाही.

ए-३०१: काका, लिफ्ट बदलायच्या वेळीही तुम्ही आधी नाहीच म्हणाला होतात.

ए-२०३: आणि बदलल्यावर पहिले सहा महिने जिना कोण चढत होतं तेही सांग ना.

सचिव: काका, भाषणं सभेत 🙏

बी-१०३: *फॉरवर्ड केलेला मेसेज* मोबाइल काढून घेतल्यावरही चार्जर तसाच चालू ठेवता? सावधान! तुमच्या बिलातला मोठा हिस्सा हाच चार्जर खातो! किमान दहा जणांना पाठवा.

ए-४०४: काकू, नुसता लटकलेला चांगला चार्जर ०.२ वॉटच्या आसपास घेतो. वर्षभर चोवीस तास ठेवला तरी पावणेदोन युनिट. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धा युनिट लागतो. म्हणजे वर्षभराचा चार्जर म्हणजे आंघोळीच्या साडेतीन बादल्या.

बी-१०३: मग काढायचा नाही का?

ए-४०४: काढा की. पण टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आधी बंद करा. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो जागाच असतो. १० वॉटचा असेल तर महिन्याला ७ युनिट तिथेच गेले.

बी-१०३: आमचा बॉक्स गरम लागतो खरा. मांजर त्यावरच झोपते.

ए-२०३: सचिवसाहेब, भाषण नाही, हिशेब देतो. गेले चार दिवस मी ए विंगचं कॉमन मीटर वाचतोय. रात्री १० ला आणि सकाळी ६ ला. रात्री त्यावर असतं काय? जिन्यातल्या ट्यूब २४, प्रत्येकी २० वॉट. ८ तासांचे ३.८ युनिट. दोन्ही लिफ्ट नुसत्या उभ्या असल्या तरी कंट्रोलर, आतला दिवा, पंखा मिळून २०० वॉट धरा. १.६ युनिट. पहाटे ३ ला टायमरवर पंप लागतो. ५ एचपीचा आहे, मोटरचा स्वतःचा तोटा धरून मीटरवर साडेचार किलोवॅट. वरची टाकी ४० मिनिटांत भरते, त्याचे ३. बेरीज साडेआठच्या आत. मीटर दाखवतंय १९. चारही रात्री, अर्धा युनिट इकडेतिकडे. हे साडेदहा युनिट कुठे मुरतात ते आधी शोधू. पॅनेल कुठे पळून जात नाहीत.

खजिनदार: मीटरच बिघडलं असेल. जुनं झालंय.

ए-२०३: बिघडलं असतं तर दिवसाही बिघडलं असतं. दिवसाचा हिशेब जुळतोय.

बी-३०२: पार्किंगमध्ये रात्री कोणाकोणाच्या गाड्या चार्जिंगला असतात ते बघा म्हणजे कळेल. मी नाव घेत नाही.

ए-५०२: ए विंगमध्ये चार्जिंगवाली गाडी एकच आहे, माझी. म्हणजे नाव घेतलंच तुम्ही. माझ्या पार्किंगमधली वायर थेट माझ्या घरच्या मीटरला जाते. कधीही येऊन बघा, बॅटरी मी देतो.

बी-३०२: *हा मेसेज डिलीट केला आहे*

ए-५०२: वाचला सगळ्यांनी.

सचिव: कृपया वैयक्तिक होऊ नका 🙏

ए-१०२: रात्री एक लिफ्ट बंदच ठेवूया ना. आणि लिफ्ट रिकामी खाली येते तेव्हा वीज लागतच नाही म्हणे?

ए-२०३: उलट आहे वहिनी. पलीकडे काउंटरवेट असतं, ते रिकाम्या डब्याहून बरंच जड असतं. डब्याचं वजन अधिक जवळजवळ निम्म्या माणसांचं. रिकामा डबा खाली आणायचा म्हणजे ते वजन वर ओढायचं. जोर तिथेच लागतो. म्हणून दोन्ही लिफ्टची बटणं एकदम दाबणाऱ्यांना मी ओरडतो. एकीतून तुम्ही जाता, दुसरी रिकामी येऊन दार उघडून परत मिटते.

ए-३०१: म्हणजे मला.

ए-२०३: म्हणजे तुलाच.

ए-६०२: मला एक दिसतं. तीन वर्षांपूर्वी जिन्यात आणि पार्किंगमध्ये एलईडी लावले तेव्हा कॉमन बिल चांगलं उतरलं होतं. मग आपणच म्हणालो, आता परवडतं, बागेत बारा दिवे लावू, कुंपणावर लावू, नामफलकावर लावू. जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली, तर कोळसा वाचला नाही, इंजिनंच वाढली. शाळेत शिकवायचे तेव्हा मुलांना हे खोटं वाटायचं. आता बागेतले दिवे दाखवीन.

बी-५०४: बाई, बागेतले दिवे काढू नका, तिथे रात्री साप निघाला होता.

ए-६०२: काढा नाही म्हणत. सकाळी साडेनऊला चालू असतात, ते बंद करा म्हणते.

ए-४०४: काका, आज रात्री मी जागाच आहे, परवा परीक्षा आहे. मीटर रूमची किल्ली द्या. दर तासाला वाचतो.

ए-२०३: ये, घेऊन जा. नुसते आकडे वाचू नकोस. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी ३२०० लिहिलंय. ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. मिनिटभर मोज.

ए-१०२: परीक्षा परवा आहे ना रे?

रविवार, पहाट

ए-४०४ (१:०४): मिनिटाला ३६ वेळा. ३६ गुणिले ६०, भागिले ३२०० = ०.६७५ किलोवॅट. काकांच्या ट्यूब आणि लिफ्ट. तंतोतंत.

ए-४०४ (२:०२): ३६. वॉचमनकाका विचारतायत मी दिव्याला काय पुटपुटतोय.

ए-४०४ (३:०१): टक्क आवाज झाला, पंप सुरू. दिवा आता लुकलुकत नाहीये, थरथरतोय. मोजता येत नाही.

ए-४०४ (३:५०): अजून थरथरतोय. टाकी भरायला हवी होती ना?

ए-२०३ (३:५२): जागा आहे मी. पंपाला हात लावून बघ.

ए-४०४ (३:५५): चालू आहे. चांगलाच तापलाय.

ए-२०३ (३:५५): आता खालच्या टाकीचं झाकण उचल. वॉचमनला घे बरोबर, एकटा वाकू नकोस. पाणी किती उतरलंय?

ए-४०४ (४:०३): काका, उतरलेलंच नाही. आणि कोपऱ्यातल्या पाइपमधून आत धो धो पाणी पडतंय.

ए-२०३ (४:०४): थांब. येतो.

रविवार, सकाळ

ए-२०३: सगळ्यांसाठी लिहितो. वरच्या टाकीत फ्लोट असतो, वायरला लटकलेला फुगा. पाणी चढलं की तो तरंगतो आणि पंप बंद करतो. गेल्या वेळी टाकी धुतली तेव्हा कुणीतरी त्याची वायर आतल्या शिडीच्या वरच्या दांडीला गुंडाळून ठेवली. सोडायची राहिली. फुगा पाण्याच्या वर हवेत लोंबतोय. त्याच्या मते टाकी कायम रिकामी. त्यामुळे पंप ३ ला लागतो तो ६ ला टायमरने पाडेपर्यंत थांबतच नाही.

ए-३०१: पण मग टाकी भरून वाहिली असती ना? कुणाला पाणी कसं दिसलं नाही?

ए-२०३: वाहतेच आहे, रोज. पण ओव्हरफ्लोचा पाइप खालच्या टाकीत सोडलाय. खालचं पाणी वर, वरचं खाली. थेंब बाहेर नाही. दोन तास वीस मिनिटं पाणी नुसतं प्रदक्षिणा घालतं.

खजिनदार: पाइप खालच्या टाकीत कुणी सोडला?

सचिव: मी. पूर्वी तो पार्किंगमध्ये गाड्यांवर पडायचा, तक्रारी यायच्या. पाणी वाया जाऊ नये म्हणून प्लंबरला सांगून खाली जोडून घेतला. सभेत टाळ्या वाजल्या होत्या, इतिवृत्तात आहे.

ए-६०२: पाणी खरंच वाचलं. फक्त टाकी भरल्याची वर्दी देणारं कुणी उरलं नाही. गाड्यांवर पडायचं तेव्हा मिनिटात पंप बंद व्हायचा.

ए-५०२: आमची गाडी होती त्याखाली. तेव्हाही मीच.

ए-७०१: एक मिनिट. पहाटे आमच्या बेडरूमच्या भिंतीतून पाणी पडल्याचा आवाज येतो, तो हा आहे का? चार महिने येतोय. आम्हाला वाटायचं, ७०२ वाले पहाटे उठून आंघोळ करतात. सूनबाई म्हणायच्या, बघा किती शिस्तीची माणसं आहेत.

ए-७०२: आम्ही आठला उठतो 😄

ए-४०४: चार महिने म्हणजे साडेदहा गुणिले १२०. बाराशे साठ युनिट.

ए-२०३: आता पॅनेलचं सांगतो. चांगलं ऊन असलं तर १ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे १० पैकी अडीच किलोवॅट आपण या प्रदक्षिणेसाठी विकत घेणार होतो. वर कौतुकाने बोर्ड लावला असता, सूर्यावर चालणारी सोसायटी.

सचिव: मान्य. वायर सोडलीत का?

ए-२०३: ७ वाजता सोडली. आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला एक छोटा फाटा काढून वॉचमनच्या केबिनसमोरच्या नळीला जोडू. टाकी वाहिली की थोडं पाणी त्याच्या पायाशी पडलं पाहिजे. बाकीचं जाऊ दे खाली.

बी-५०४: मग सोलर रद्द?

सचिव: रद्द नाही. महिनाभर दोन्ही विंगची रात्रीची आणि दिवसाची नोंद ठेवू, मग किती किलोवॅट ते ठरवू. आजच्या सभेत तेवढंच घेतो. जिन्यातल्या ट्यूबचंही बघू, एकाआड एक सेन्सरवर टाकता येतील. सगळ्या नको, आजी मंडळींना मधल्या जिन्यात अंधार झाला तर पंचाईत.

ए-१०२: आणि ओल्या कचऱ्याचा विषय? खतखड्ड्याला वास येतोय.

ए-६०२: वाळलेली पानं घाला, ओल्याच्या दुप्पट. माळीदादा ती पोत्यात भरून बाहेर फेकतो, त्याला आधी थांबवा.

ए-५०२: कालपासून मला कुणीतरी काहीतरी म्हणणार होतं.

बी-३०२: सॉरी. मनापासून.

ए-५०२: ठीक आहे. टायरमध्ये हवा कमी आहे तुमच्या, जाता जाता दिसलं.

सोमवार, सकाळ

ए-२०३: रात्री १० ते सकाळी ६. ८.५ युनिट.

ए-३०१: 👏👏👏

ए-४०४: ०.१ जास्त आहे काका.

ए-२०३: लिफ्टची दोन्ही बटणं कुणीतरी दाबली असतील. तू पेपरला जा.

ए-७०१: आमच्याकडे मात्र कुणाला झोप नाही. तीनला आवाज आला नाही म्हणून दोघंही जागे झालो.

बी-४०१: एक विचारू का? बी विंगच्या ओव्हरफ्लोचा पाइपही खालच्याच टाकीत जातो ना?

सचिव: हो. त्याच आठवड्यात, त्याच प्लंबरने.

बी-४०१: आणि टाकी धुणारेही तेच?

सचिव: तेच.

बी-४०१: मीटर रूमची किल्ली कुणाकडे आहे?