एका मराठी ज्यू कुटुंबाचा फॅमिली ग्रुप, शुक्रवार दुपार: नोहाची कोडी

शालोमकाका (ठाणे): सगळ्यांना आगाऊ शब्बाथ शालोम. या आठवड्याची पराशा, म्हणजे आपल्या तोरा या धर्मग्रंथाचा आठवड्याचा पाठ: महापुरात तारू बांधणारा नोहा. पहिलं कोडं: नावेत बसली, पण नाव नाही. कोण?

रिव्का (लोद, इस्राएल): सोप्पंय काका. नोहाची बायको! अख्ख्या पराशात नुसतं ‘नोहाची बायको’.

एस्तेरआत्या (अलिबाग): आणि तिच्या तीन सुना? शेम, हाम, याफेथच्या बायकांची नावं कुठं दिलीत? दादा, तुझं कोडं चुकलं. चौघी बसल्या होत्या.

शालोमकाका: ‘बसली’ हे एकवचन आहे, एस्तेर.

एस्तेरआत्या: सुनांना मोजायचंच नाही, जुनी सवय 😄

योनाथन (अश्दोद, इस्राएल): मिद्राशमध्ये, म्हणजे तोरावरच्या जुन्या भाष्यांत, तिचं नाव नामा आहे, काका.

शालोमकाका: असेल. मी तोरातलं विचारलंय. पुढचं घ्या. तारू 300 हात लांब, 50 रुंद, 30 उंच. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, तर या आकड्यांत एक शब्द लपलाय.

रिव्का: शीनचे 300, नूनचे 50, लामेदचे 30. श-न-ल? काहीच लागत नाही.

शालोमकाका: क्रम बदल की.

एरन (ठाणे): ल-श-न! लाशोन! जीभ!! आजोबा, मी जिंकलो

योनाथन: लाशोनमध्ये वाव हे अक्षरही असतं. त्याचे 6 कुठायत? कोडं रद्द.

शालोमकाका: तोरात वाव गाळलेले शब्द पावलोपावली आहेत. बार मित्झ्वाला, तेराव्या वर्षी तोरा वाचताना, तिथंच अडखळला होतास, आठवतंय ना? आणि खरी गंमत पुढेच आहे. लाशोन म्हणजे भाषासुद्धा. तारवाला हिब्रूत तेवा म्हणतात, आणि तेवा म्हणजे शब्दही. म्हणजे भाषेच्या मापाचा शब्द बांधला नोहानं! आणि त्याच पराशाच्या शेवटी बाबेलचा बुरूज, तिथं भाषांचाच गोंधळ.

रिव्का: 😮 मी जन्मापासून हिब्रू बोलतेय, पण तेवा म्हटलं की आधी टपालपेटीच आठवते.

एस्तेरआत्या: आमच्या डोळ्यांसमोर मशिदीतली, म्हणजे आपल्या सिनेगॉगमधली, तेवा येते. प्रार्थना चालवणारा हझान उभा राहतो तो चौथरा.

एरन: आता माझं. नोहा उलटा वाचा.

योनाथन: हानो?

एस्तेरआत्या: हानो काय, हाणा याला 😂

रिव्का: देवनागरीत नाही रे जमत. हिब्रूत नून-हेत उलटं केलं की हेत-नून. खेन, म्हणजे कृपा. तोरात पासूकच, म्हणजे ओळच, आहे तशी: नोहाला देवाच्या नजरेत खेन मिळाली.

एरन: ताई, उत्तर मी सांगणार होतो 😡

एस्तेरआत्या: दादा, वहिनीनं किद्दूशच्या, शब्बाथच्या आशीर्वादाच्या, सरबताला मनुका भिजवल्या का?

शालोमकाका: सकाळीच. काळ्याच घेतल्यात. चला, शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली, फोन ठेवतो. शेवटचं खास मराठी कोडं, हिब्रूवाल्यांनी डोकं खाजवा: वीट वीट चढवत गेले, शेवटी वीट आला. कोण?

रिव्का: बाबेलवाले!!

रिव्का: काका?

एस्तेरआत्या: ठेवला त्यानं फोन. आता उद्या तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर. मीपण निघते.

योनाथन: तुमचे तारे दिसतील तेव्हा आमच्याकडे दुपारचे चार. आमचा शब्बाथ चालूच, फोन बंद.

रिव्का: म्हणजे बरोबर की चूक ते कळायला उद्या रात्र 🙄