तारेमुळे बातमी सर्वांपर्यंत पोहोचली, की काहींपर्यंतच?

प्रश्न – वाचनवेडा:
तारायंत्र आले आणि बातमी सर्वांना झटपट मिळू लागली, असे सर्रास लिहिले जाते. १८५५ पासून आपल्याकडे तार जनतेसाठी खुली झाली हे खरे. पण शब्दागणिक पैसे मोजावे लागत असताना तिचा लाभ नेमका कोणाला झाला? मुंबईच्या संदर्भात कोणी सांगू शकेल काय?

उत्तर – रुईचा भाव:
सरकारखालोखाल कापसाच्या व्यापाऱ्यांना. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिथला कापूस अडला, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांची मदार आपल्या कापसावर आली आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. मात्र युद्धाच्या बहुतेक काळात तिथल्या लिव्हरपूलच्या कापूसबाजारातला भाव टपालाच्या आगबोटीने येत असल्यामुळे इथे कळेपर्यंत तो जवळजवळ महिनाभर शिळा झालेला असे. या अंधारातच सट्टा फोफावला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि बॅक बे भरावाच्या (मुंबईचा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या) कंपनीच्या शेअरांत अडकलेली भलीभली घराणी बुडाली. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते इंग्लंडच्या वाटेवरील एडन बंदर अशी समुद्रतळाशी तार टाकली, तेव्हा महिन्याचे अंतर तासांवर आले. सट्टा थांबला, असे मात्र मुळीच नाही. पुढे न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावरच पैजा लागू लागल्या, आणि मटक्याचा मूळ ‘आकडा’ तो हाच.

उत्तर – निवृत्त तारबाबू:
मी तार खात्यात नोकरी केली आहे. पत्त्याचेही शब्द मोजले जात, म्हणून मोठ्या पेढ्या एकाच शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून ठेवत. साधा माणूस मात्र फॉर्म घेऊन खिडकीशी अवघडून उभा राही आणि आम्ही त्याचा मजकूर खोडत खोडत ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ इथवर आणून ठेवत असू. एवढे पैसे कोणी सुखाच्या चौकशीसाठी खर्च करीत नसे, त्यामुळे तारवाला दिसताच घरात रडारड सुरू होई. त्यातून तार बहुधा इंग्रजीत. ती वाचायला शाळामास्तरांना गाठावे लागे, म्हणजे घरची बातमी घरच्यांच्या आधी मास्तरांना कळे.

उत्तर – जुने अंक:
वरील दोन्ही मुद्दे मान्य आहेत, पण वर्तमानपत्रे विसरू नयेत. १८६६ मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेचे कार्यालय मुंबईत आले, आणि एका तारेचा जो खर्च एकट्यादुकट्याला झेपला नसता तो वर्तमानपत्राच्या साऱ्या वाचकांत वाटला गेला. तारबाबू, एक शंका आहे: देवनागरीतूनही तार पाठवता येत होती ना?

उत्तर – निवृत्त तारबाबू:
येत होती. आमच्या खिडकीवर तो फॉर्म मागणारे क्वचितच भेटले. इंग्रजी तार लवकर पोहोचते, अशी लोकांची ठाम समजूत होती.