ग्रीक रंगभूमीचा अभिजात काळ नेमका कुठे संपतो?

प्रश्न (रंगवाचक):
ग्रीक रंगभूमीच्या अभिजात काळाची अखेर काही अभ्यासक सॉफोक्लीज आणि युरिपिडीज या शोकांतिकाकारांच्या मृत्यूशी, म्हणजे इ.स.पू. ४०६ शी जोडतात, तर काही अलेक्झांडरच्या मृत्यूशी, म्हणजे इ.स.पू. ३२३ शी. मधल्या ८३ वर्षांत नाटक बदलले असेल, तर त्याची खूण संहितेत दिसते का?

प्रतिसाद १ (जुनी संहिता):
दिसते, त्यासाठी कोरसकडे, म्हणजे नाटकात गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहाकडे पाहावे. एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’ या शोकांतिकेत (इ.स.पू. ४५८) राजवाड्यातून राजाची किंकाळी ऐकू येते, तेव्हा कोरसमधील वृद्ध एकामागून एक दोन-दोन ओळी बोलतात आणि आत धाव घ्यावी की नगरजनांना हाक द्यावी, याचा खल संपेपर्यंत खून होऊनही गेलेला असतो. याउलट मिनँडरच्या ‘डिस्कोलॉस’ या सुखात्मिकेत (इ.स.पू. ३१६) दोन अंकांच्या मध्ये ‘कोरसचे’ एवढाच शब्द येतो, काय गायचे, हे लिहिलेलेच नाही. कथानकाशी संबंध नसलेली गीते घालण्याची प्रथा अगाथॉन या शोकांतिकाकाराने सुरू केली, असे ॲरिस्टॉटल सांगतो, आणि अगाथॉनचा पहिला विजय इ.स.पू. ४१६ चा, म्हणजे सॉफोक्लीज आणि युरिपिडीज दोघेही हयात असतानाचा. त्यामुळे ४०६ ही सीमा सोयीची आहे, इतकेच म्हणता येईल.

प्रतिसाद २ (नेपथ्य):
शोकांतिकेची तुलना सुखात्मिकेशी करणे मला पटत नाही. चौथ्या शतकातील शोकांतिका जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या आहेत, त्यामुळे तिथला कोरस कसा होता, हे मिनँडरवरून ठरवता येणार नाही. मी प्रयोगाकडे पाहीन. इ.स.पू. ३८६ मध्ये अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या नाट्योत्सवात जुनी शोकांतिका पुन्हा सादर झाली, आणि नटांचे वजन इतके वाढले की आता कवींपेक्षा नटच भारी ठरतात, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले. नव्या लेखनाच्या उत्सवात जुन्या नाटकाला जागा मिळाली, तिथे मी रेघ ओढतो.

प्रतिसाद ३ (जुनी संहिता):
आक्षेप रास्त आहे. मग सुखात्मिकेची तुलना सुखात्मिकेशीच करू, तीही एकाच लेखकाच्या. ॲरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’मध्ये (इ.स.पू. ४०५) कोरस प्रेक्षकांकडे वळून, हक्क गमावलेल्या नागरिकांना ते परत द्या, असे शहराला बजावतो, त्याच्याच ‘प्लूटस’मध्ये (इ.स.पू. ३८८) तसे आवाहन नाही आणि कोरसच्या काही जागी ‘कोरसचे’ हा तोच एक कोरडा शब्द उरतो. म्हणजे माझी रेघ तुमच्या रेघेच्या अवघी दोन वर्षे आधी पडते.