पुण्यातला 2009 चा स्वाइन फ्लू : तुम्ही तेव्हा कुठे होतात?

3 ऑगस्ट 2009 ला पुण्यात 14 वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला तो पहिला बळी. त्यानंतर शहराची जी तारांबळ उडाली ती पाहिलेल्यांनी इथे लिहा. कोविडने ते सगळं पुसून टाकलंय, पण मास्क, शाळाबंदी, रांगा यांची रंगीत तालीम आपण तेव्हाच केली होती असं माझं मत. ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

---

लेक तिसरीत होता. ताप, घसा लाल. शेजारीपाजारी म्हणाले, आधी टेस्ट करून घ्या. गेले, तर रांग फाटकाबाहेर. वरून पावसाची भुरभुर, एकेका छत्रीखाली तिघं-तिघं, त्यातले निम्मे खोकणारे. पुढच्या काकू मला म्हणाल्या, "मला काही होत नाहीये हो, नुसती खात्री करायला आलेय." मी लेकाला उचललं आणि सरळ घरी आणलं. फॅमिली डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, धाप लागली तर या, नाहीतर झोपू दे.

---

वरच्या ताईंनी केलं तेच पुढे नियमात आलं. मी तेव्हा तपासणी केंद्रावर निवासी डॉक्टर होतो. सुरुवातीला येईल त्याच्या घशातला नमुना एनआयव्हीला (पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था) पाठवत होतो. मग ऑगस्टमध्येच केंद्र सरकारचे ए, बी, सी गट आले. ए म्हणजे सौम्य ताप-खोकला : टेस्ट नाही, टॅमीफ्लू (या फ्लूवरची गोळी) नाही, घरी थांबा आणि एक-दोन दिवसांत पुन्हा दाखवा. बी म्हणजे जास्त ताप, किंवा गरोदर, वयस्कर, दमा-मधुमेहवाले : गरजेप्रमाणे गोळ्या, टेस्ट मात्र नाहीच. धाप, छातीत दुखणं, नखं निळी पडणं हे सी : भरती आणि टेस्ट. लोक चिडायचे. "पैसे देतो, पण टेस्ट करा!" आजार आटोक्यात ठेवायला मास्कपेक्षा या चाळणीचा उपयोग जास्त झाला, असं मी आजही म्हणेन.

---

माझं मेडिकल स्टोअर आहे. लोक आजूबाजूला बघून हळूच विचारायचे, "टॅमीफ्लू मिळेल का?" तेव्हा ती सरकारी केंद्रांतच मिळायची, सप्टेंबरात ठरावीक परवाना असलेल्या दुकानांना विक्रीची मुभा मिळाली. मास्क आले की तासाभरात संपायचे. मग कापूर-वेलचीच्या पुरचुंड्यांची टूम निघाली. त्याही खपल्या!

---

आम्ही कॉलेजच्या मुली स्कूटीवर आधीपासूनच तोंडाला स्कार्फ बांधून फिरायचो. त्या वर्षी पहिल्यांदाच घरी कुणी नावं ठेवली नाहीत.

---

आमचं मंडळ छोटं. 23 ऑगस्टला गणपती, आणि त्याआधी शाळा, थिएटरं बंद. वर्गणी निम्मी जमली. देखावा रद्द केला आणि "सर्दी-ताप असल्यास घरूनच नमस्कार करा" असा फलक लावला. एक आजोबा त्या फलकासमोरच शिंकले.

---

डॉक्टरांनी लिहिलेल्या बी गटातली मी. सातवा महिना होता, ताप जेमतेम. टेस्ट न करताच गोळ्या हातात दिल्या, 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. सासूबाई हटून बसल्या, गरोदरपणी असलं औषध नको म्हणून. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गोळीपेक्षा या फ्लूचा धोका बाळंतिणीला आणि गरोदर बाईला जास्त आहे, आणि 48 तासांच्या आत सुरू केली तरच पुरता उपयोग. तिथेच पाणी मागून पहिली गोळी घेतली.